वडिलांचे सागवान आणि चाकांवरची खोली

वाचकाचे पत्र, थोडक्यात

नागपुरात राहणारे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले 61 वर्षांचे एक वाचक लिहितात की त्यांचे वडील उमरेड तालुक्यातील एका गावात सुतार होते आणि बैलगाड्या, वखर, तिफणी, दारे-खिडक्या बनवण्यात त्यांचे आयुष्य गेले. गावातले जुने घर गेल्या वर्षी पाडावे लागले. त्यातून निघालेल्या सागवानी तुळया, माळ्याच्या फळ्या आणि दारांची पाने आज भावाच्या शेतावर टिनाच्या शेडखाली रचून ठेवलेली आहेत. या लाकडातून 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि 6 फूट उंच असा राहण्याचा ट्रेलर स्वतःच्या हाताने बांधायचा आणि तो आपल्या बोलेरोमागे जोडून पत्नीसह विदर्भभर हिंडायचे, असे त्यांनी ठरवले आहे. आतून-बाहेरून इंचभर जाडीच्या फळ्या, तुळईचाच पलंग, मागच्या बाजूला स्वयंपाकाचा ओटा, अशी 'रानातल्या कुटीसारखी' खोली त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. एक ओळखीचा फॅब्रिकेटर जुन्या ट्रॉलीचा सांगाडा स्वस्तात द्यायला तयार असून 'कागदपत्रांचे मागाहून बघू' असे म्हणतो. पुण्यातला मुलगा म्हणतो की इतका खटाटोप करण्यापेक्षा तयार कॅरव्हॅन भाड्याने घ्या. पत्नीने एवढेच विचारले की मी झोपणार कुठे आणि रात्री उठावे लागले तर जाणार कुठे. पत्र लिहिणाऱ्या या वाचकांना वाटते की तिला या गोष्टीत रस नाही. त्यांचे दोन प्रश्न आहेत: हा बेत सोडून द्यावा का, आणि सोडायचा नसेल तर पत्नीचे मन कसे वळवावे?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

बेत सोडू नका. मात्र तुम्ही ज्या क्रमाने विचार केला आहे, तो क्रम बदलावा लागेल. तुमच्या पत्रात लाकूड सर्वांत आधी येते, मग खोलीचे रूप, मग सांगाडा आणि सगळ्यांत शेवटी कागदपत्रे व पत्नीची सोय. रस्त्यावर धावणाऱ्या खोलीच्या बाबतीत हा क्रम जवळजवळ उलटा असतो. ती कोण वापरणार आणि कशी, हे आधी ठरते. त्यानंतर कायद्याने काय चालेल आणि गाडीला किती ओढवेल हे ठरते. आणि या सगळ्यातून जेवढी जागा व जेवढे वजन उरते, तेवढेच लाकडाच्या वाट्याला येते.

पत्नीच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण माझ्या मते तुमच्या घरात या ट्रेलरच्या रचनेविषयी नेमका प्रश्न आतापर्यंत फक्त त्यांनीच विचारला आहे. रस नसलेला माणूस 'तुम्हाला काय करायचे ते करा' म्हणतो. झोपायचे कुठे हे विचारत नाही. आता तुमच्या मापांकडे त्यांच्या प्रश्नाच्या अंगाने पाहा. बाहेरून 6 फूट रुंदीच्या खोलीला दोन्ही बाजूंना इंचभर फळी आतून, इंचभर बाहेरून आणि मध्ये सांगाड्याची पोकळी धरली, तर आतली रुंदी साडेपाच फुटांच्या आसपास उरते. आडवा पलंग टाकल्यास तुम्हाला पाय दुमडूनच झोपावे लागेल. उंचीचेही तेच. बाहेरून 6 फूट म्हणजे आत उभे राहताना मान वाकवावी लागणार, आणि साडी नेसणे असो की गुडघे दुखत असताना पलंगावरून उठणे असो, मान वाकवून करण्यासारखी ही कामे नव्हेत. पलंग लांबीच्या दिशेने, किमान सव्वासहा फुटांचा आणि बसल्यावर पाय जमिनीला टेकतील एवढ्या उंचीचा हवा. दाराशी एकच उंच पायरी ठेवण्याऐवजी दोन बुटक्या पायऱ्या आणि धरायला एक दांडा हवा. शौचासाठी खालची टाकी काढून रिकामी करता येते असे सुटे पोर्टेबल टॉयलेट मिळते. त्यासाठी पलंगाच्या पायथ्याशी पडद्याआड दोन-अडीच फुटांची चौकोनी जागा राखली, तर रात्री अंधारात बाहेर पडण्याची वेळ येत नाही. टाकी कुठे रिकामी करायची हेही निघण्यापूर्वी ठरलेले असावे. मुक्कामाच्या ठिकाणच्या शौचालयातच ती रिकामी करावी. नाल्यात किंवा शेताच्या बांधाला कधीही करू नये.

म्हणून मन वळवण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. घराच्या गच्चीवर किंवा अंगणात चुन्याने 10 बाय 6 फुटांचा चौकोन आखा, पलंगाच्या जागी गादी टाका, ओट्याच्या जागी टेबल ठेवा, चारी बाजूंना दोऱ्या बांधून जुन्या चादरी सोडा आणि दोघांनी तिथे एक संध्याकाळ व एक रात्र काढा. चहा तिथेच करा, कपडे तिथेच बदला. कोणती वस्तू कुठे अडते, कोणाला कोणाच्या अंगावरून जावे लागते, पाण्याचा डबा हाताशी आहे की नाही, हे त्या एका रात्रीत जेवढे कळेल तेवढे कागदावरच्या आराखड्यातून कळणार नाही. तुमच्या मुलाचे म्हणणेही याच टप्प्यावर उपयोगी आहे. भाड्याची कॅरव्हॅन हा तुमच्या बेताला पर्याय नाही हे मला पटते, पण दोन दिवस ती वापरून पाहणे हा त्या बेताचाच भाग होऊ शकतो. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे आणि भाड्याने कॅरव्हॅन देणारे व्यावसायिकही आहेत. स्वतःची बांधण्याआधी दुसऱ्याची वापरून बघितली, तर आपल्याला काय नको आहे हे तरी पक्के कळते.

आता कागदपत्रांकडे येऊ, कारण 'मागाहून बघू' हे वाक्य मला तुमच्या पत्रात सर्वांत धोक्याचे वाटले. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातील व्याख्येप्रमाणे ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, त्याला स्वतःचे इंजिन नसले तरी. त्यामुळे कलम 39 नुसार त्याची नोंदणी लागते. सार्वजनिक रस्त्यावर आणायचे तर त्रयस्थ पक्षाचा विमाही लागतो. नोंदणीपत्रात जे तपशील आहेत त्यांच्याशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने परस्पर करू नये असे कलम 52 सांगते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 च्या निकालात हे कलम काटेकोरपणे वाचले आहे. कागद नसलेल्या जुन्या ट्रॉलीच्या सांगाड्यावर तुम्ही कितीही सुंदर खोली बांधली, तरी कायद्याच्या दृष्टीने ती अस्तित्वातच नसते. अपघात झाला, विशेषतः त्यात दुसऱ्या कोणाला इजा झाली, तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि निवृत्तीची सारी पुंजी पणाला लागते. स्वस्तात मिळालेला सांगाडा त्या दिवशी फार महाग पडतो.

वाहनाचा नवा नमुना रस्त्यावर आणण्याची रीतसर वाट पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेतून जाते. ती वाट उत्पादकांसाठी आहे. एका माणसाने एका ट्रेलरसाठी ती धरणे परवडणार नाही. तुमच्यासाठी शहाणपणाचा मार्ग हा की, ज्याच्याकडे ट्रेलरची मंजुरी आणि विक्रीची कागदपत्रे आहेत अशा उत्पादकाकडून तयार, नोंदणी होऊ शकणारा छोटा ट्रेलर घ्यावा आणि त्यावर काय बांधता येईल हे आरटीओत आधी विचारावे. नागपुरात शहर, पूर्व आणि ग्रामीण अशी तीन कार्यालये आहेत. तुमचा पत्ता ज्याच्या हद्दीत येतो तिथे रेखाचित्र, अंदाजी वजन आणि मापे जोडून लेखी अर्ज द्या आणि उत्तरही लेखीच घ्या. तोंडी 'चालेल' म्हणणारा अधिकारी उद्या बदलून जातो. ओळखीच्या फॅब्रिकेटरला दुखवायचे नसेल, तर पायऱ्या, पाण्याच्या टाकीचा कंस आणि गॅसची पेटी ही कामे त्याला द्या. सांगाडा मात्र त्याच्याकडून घेऊ नका.

यापुढचा विषय वजनाचा आणि तो मी जरा सविस्तर मांडणार आहे, कारण लाकडाची ओढ असलेल्या बहुतेकांचा बेत इथेच फसतो. लाकूड आपल्याकडे घनफुटात मोजतात आणि सुक्या सागवानाचा एक घनफूट साधारण 18 किलो भरतो. तुमच्या खोलीच्या चार भिंती आणि छत मिळून 252 चौरस फूट होतात; दार-खिडक्यांचे 30 चौरस फूट वजा केले तर सव्वादोनशेच्या थोडे आत. त्यावर इंचभर फळी एकाच बाजूने लावली तरी सुमारे साडेअठरा घनफूट, म्हणजे 330 किलोच्या वर लाकूड लागते. तुम्हाला तर ती आतून आणि बाहेरून दोन्हीकडे हवी आहे, तेव्हा हा आकडा साडेसहाशेच्या पुढे जातो. सांगाडा, जमीन, पलंग, पाणी, बॅटरी, भांडी आणि कपडे अजून मोजायचेच आहेत.

बोलेरो दणकट आहे, हे मान्य. पण ओढणे एक आणि थांबवणे दुसरे. युरोपात स्वतःचे ब्रेक नसलेल्या ट्रेलरला भरल्या वजनाची 750 किलोची मर्यादा आहे आणि तीही ओढणाऱ्या गाडीच्या निम्म्या वजनाच्या आत असेल तरच. आपल्याकडच्या गाड्यांच्या पुस्तिकेत पुष्कळदा ओढण्याची क्षमता दिलेलीच नसते. उत्पादकाच्या सेवा केंद्राकडे ती लेखी मागा आणि तिथून याहून कमी आकडा आला तर तोच पाळा. तोवर 750 किलो ही वरची मर्यादा धरून चाला आणि तेवढ्यातही ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असले तर उत्तमच. ट्रेलर मागून रेटू लागला की आपोआप लागणारे ओव्हररन ब्रेक यासाठीच असतात. चिखलदऱ्याच्या घाटातून उतरताना ही गोष्ट चैनीची वाटणार नाही.

ढोबळ हिशेब असा बसतो. चाके, आस आणि जोडणीसह सांगाडा 200 किलो. भिंतींचा हलका सांगाडा आणि बाहेरचा ॲल्युमिनियमचा पत्रा 110. आतून पाव इंच जाडीची सागवानी पट्टी 85. पलंग आणि कपाटे 60. 40 लिटर पाणी म्हणजे 40 किलो. बॅटरी, दिवे आणि पंखा 40. स्वयंपाकाचे सामान 30. अंथरूण-पांघरूण, कपडे व शिधा मिळून 70. बेरीज 635. शंभरेक किलो हाताशी राहतात आणि ते राहू द्या, कारण घरून निघताना प्रत्येक जण काहीतरी वाढवतोच.

तुम्हाला कदाचित वाटेल की पाव इंचाची पट्टी म्हणजे लाकडाचा नुसता देखावा झाला. इथे मला तुमच्या वडिलांविषयी आदराने एक सांगायचे आहे. बैलगाडी बनवणारा सुतार हा जड काम करणारा सुतार नव्हता. चाकाचा तुंबा, आरे आणि जू यांना जिथे ताकद लागते तिथे तो भक्कम लाकूड घाली. बाकी सगळीकडे वजन वाचवी, कारण त्याची चूक बैलांच्या खांद्यावर पडायची. बसायची बैलगाडी, मग ती रेंगी असो की दमणी, तिला फळ्यांच्या भिंती नसायच्या. वर बांबूच्या कमच्या आणि तट्ट्याचा आडोसा असायचा. आपल्या गावाकडचे रानवट काम ते हेच. इंचभर फळ्यांची जाडजूड कुटी हे बर्फाळ देशांतल्या ओंडक्यांच्या घरांचे चित्र आहे, आणि थंडीत तग धरण्यासाठी जे घडले ते आपल्या उन्हात रस्त्यावर ओढत नेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. वडिलांची आठवण जपायची तर त्यांच्या लाकडाइतकाच त्यांचा हिशेबही सोबत घ्या.

छताला आतून बांबूचा तट्टा लावा, असे मी आवर्जून सुचवेन. तो हलका आहे, दिसायला उबदार आहे आणि वाकत्या छतावर सहज बसतो. तुमच्याच भागातल्या बुरूड कारागिराकडून हव्या त्या मापाचा विणून घेता येईल. बांबूच्या कामाविषयी आणखी शिकायचे असेल तर चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. बांबूला कीड फार लवकर लागते, म्हणून विणण्याआधी कमच्या बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून वाळवून घ्या. पांढरा भुसा गळू लागल्यावर उपाय करणे कठीण जाते.

भिंतींसाठी माळ्याच्या फळ्या उभ्या चिरून पट्ट्या काढता येतील. मात्र आरागिरणीत नेण्यापूर्वी प्रत्येक फळीवरून चुंबक फिरवा. जुन्या लाकडात डोके तुटलेले खिळे दडलेले असतात आणि एक खिळा पाते खराब करतो, शिवाय कामगाराच्या डोळ्याला इजा होऊ शकते ती वेगळीच. सागाचा आतला गडद गाभा वाळवीला पुष्कळ दाद देत नाही, पण बाहेरचा फिकट भाग किडीच्या तावडीत सापडतो. तो कापून टाका. दारांवर जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसे असण्याची शक्यता धरून मास्क लावून, पाणी मारत, नातवंडे जवळ नसताना तो काढा आणि निघालेला चुरा गोळा करून बांधून टाका. गावाहून लाकूड हलवण्यापूर्वी वनपरिक्षेत्र कार्यालयात वाहतूक परवान्याची चौकशी करा आणि घर पाडल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला जवळ ठेवा. सागवान भरलेली गाडी नाक्यावर अडवली गेली तर 'घरचेच आहे' एवढे सांगून भागत नाही. ज्या वाचकांकडे असे वडिलोपार्जित लाकूड नाही, त्यांनी नागपूरच्या लकडगंजातल्या लाकूडबाजारातून घेताना पावती घ्यावी आणि ती शेवटपर्यंत सांभाळावी.

नागपूरची हवा लाकडाची परीक्षा पाहते. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की दुपारची हवा अगदी कोरडी होते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तीच हवा दमट होऊन बसते. रुंद फळी या दोन टोकांमध्ये आडवी फुगते आणि आकसते. म्हणून पट्ट्या तीन-चार इंचांपेक्षा रुंद काढू नका, एका कडेला खाच आणि दुसऱ्या कडेला जीभ ठेवून त्या एकमेकींत अडकवा, प्रत्येक पट्टी एकाच कडेने स्क्रूने बसवा आणि दुसरी कड मोकळी राहू द्या. खिळे वापरू नका, कारण रस्त्याच्या हादऱ्यांनी ते महिनाभरात ढिले होतात. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणि लवचीक पीयू (पॉलियुरेथेन) गोंद यांची जोडी टिकते. बाहेरून मात्र लाकूड अजिबात नको. वरचा पत्रा एकसंध, सांध्याविना, दोन्ही बाजूंना उतरता आणि भिंतीबाहेर इंचभर आलेला हवा. छताच्या मध्यावर सांधा ठेवला की पहिल्याच पावसाळ्यात बांबूच्या तट्ट्यावर पिवळे डाग दिसू लागतात. पत्रा आणि तट्टा यांच्यामध्ये दीड-दोन इंच थर्माकोल आणि वरून पांढरा रंग असला, तरी एप्रिल-मेच्या दुपारी ही खोली राहण्याजोगी होणार नाही. कूलरला पाणी आणि वीज लागते, एसीला त्याहून कितीतरी जास्त, आणि छोट्या बॅटरीवर पंखा व दिवेच भागतात. तुमचा हंगाम दसरा-दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीला संपतो, असे मानून बांधा.

शेवटचा हात जवसाच्या तेलाचा द्यावा, विदर्भाच्या लाकडाला ते शोभतेही. पण तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि चोळामोळा केलेल्या फडक्यात ती साठून फडके आपोआप पेट घेऊ शकते. नागपूरच्या उन्हाळ्यात, टिनाच्या शेडमध्ये तर धोका अधिकच. प्रत्येक फडके दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. हे काम शिकवताना कोणी सांगत नाही, म्हणून इतक्या स्पष्टपणे लिहिले.

आगीचा विषय निघालाच आहे तर स्वयंपाकाचेही बोलू. मागच्या बाजूला ओटा आणि वर उघडणारे दार ही तुमची कल्पना चांगली आहे, कारण चूल खोलीबाहेर राहते. गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. म्हणून छोटा सिलिंडर ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी दांड्यावर, तळाला भोके असलेल्या बाहेरच्या पेटीत ठेवा, पलंगाखाली कधीही नाही. पेंचच्या बाजूला किंवा चिखलदऱ्याला डिसेंबरात रात्री कडाक्याची थंडी पडते आणि अशा वेळी कोळशाची शेगडी आत घ्यावीशी वाटते. दार-खिडक्या लावलेल्या खोलीत कोळसा धुमसला तर कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच माणूस जातो. त्याला वास नसतो आणि जागही येत नाही. थंडीसाठी दुलई जास्त घ्या, शेगडी बाहेरच विझवा आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे छोटे यंत्र उशाशी लावा.

ओटा मागे गेल्याने एक नवा पेच उभा राहतो, आणि तो तुम्हाला पटकन समजेल. मागे भार जास्त झाला की बैलगाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैल गडबडतात. ट्रेलरही अगदी तसाच वागतो, फक्त 60 च्या वेगाने. मागचा भाग जड असलेला ट्रेलर डावी-उजवीकडे झोकांड्या खाऊ लागतो आणि त्या वाढत जाऊन ओढणारी गाडीही फिरते. एकूण वजनाचा साधारण दहावा भाग पुढे, ट्रेलर गाडीला जिथे टेकतो त्या जोडणीच्या चेंडूवर पडला पाहिजे, म्हणजे तुमच्या 635 किलोच्या ट्रेलरमध्ये साठेक किलो. गाडीच्या हुकलाही तेवढा भार चालतो ना, हे क्षमता विचारताना त्याच पत्रात विचारून घ्या. पाण्याची टाकी आणि बॅटरी आसाच्या पुढे ठेवा, म्हणजे मागच्या ओट्याचा भार तोलला जाईल. भरलेला ट्रेलर कळमन्याकडच्या एखाद्या धर्मकाट्यावर नेऊन एकूण वजन बघा आणि पुढचा भार घरीच मोजा: सपाट जागेवर, जोडणीच्या उंचीइतका लाकडी ठोकळा घरातल्या वजनकाट्यावर ठेवून त्यावर ट्रेलरची चोच, म्हणजे जोडणीचे पुढचे टोक, टेकवा. काट्यावरचा आकडा हाच तुमचा पुढचा भार. झोकांड्या सुरू झाल्याच तर ब्रेक मारू नका आणि वेगही वाढवू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि गाडी आपोआप मंदावू द्या.

तुळयांचे काय करायचे हा प्रश्न उरतो. त्या ट्रेलरवर चढवू नका, आणि पलंगासाठी चिरूनही टाकू नका. भावाच्या शेतावर जिथे त्या आज आहेत तिथेच त्यांचा एक मोकळा मांडव उभा करता येईल, ज्याच्याखाली पावसाळ्यात ट्रेलर उभा राहील. चार महिने उघड्यावर राहिलेला ट्रेलर फार दिवस टिकत नाही, त्यामुळे ही गरजच आहे. तिथे वजनाची चिंता नाही, आरटीओचा प्रश्न नाही, आणि तुमच्या मनातली भक्कम, रानवट लाकूडकामाची हौस तिथे पुरेपूर भागेल. ट्रेलरसाठी दाराचे एक पान तेवढे राखून ठेवा. ते पाऊण इंचापर्यंत रंधून, खालचा कुजका भाग काढून, खोलीचे प्रवेशदार म्हणून आतल्या बाजूने बसवा. हात रोज ज्याला लागतो तिथे खरे लाकूड असावे. दार, ओट्याची कड, पलंगाचा माथा आणि धरायचा दांडा एवढ्या चार जागा पुरेशा आहेत.

मुक्काम कुठे करायचा याविषयी एकच सूचना. राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरणे 1927 च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे आणि अभयारण्यांतल्या प्रवेशावर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे निर्बंध आहेत. तेव्हा पेंच, ताडोबा, नागझिरा किंवा उमरेड-कऱ्हांडला इथे जाताना ट्रेलर गावातल्या होम-स्टेच्या आवारात किंवा शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या जागेत लावा. रस्त्याच्या कडेला रात्र काढू नका. ट्रेलर चालू असताना आत कोणीही बसायचे नाही, पाठ दुखत असली तरी नाही.

पहिली फेरी लांबची नको. रामटेकपर्यंत जा, खिंडसी तलावाजवळ रीतसर मुक्कामाची सोय बघून एक रात्र राहा आणि परत या. निघण्यापूर्वी मागचे दिवे, ब्रेक-लाइट आणि इंडिकेटर बोलेरोच्या बरोबरीने लागतात का ते दुसऱ्या कोणाला मागे उभे करून तपासा, आणि सुरक्षेच्या दोन्ही साखळ्या जोडणीखालून एकमेकींना ओलांडून अडकवा. 50 किलोमीटरच्या आसपास थांबून चाकांचे नट पुन्हा आवळा, कारण नव्या चाकांचे नट हमखास ढिले पडतात. त्याच वेळी दोन्ही चाकांच्या हबजवळ, म्हणजे मधल्या तुंब्याजवळ, हात नेऊन पाहा. एक हब दुसऱ्यापेक्षा जास्त तापला असेल तर बेअरिंगमध्ये ग्रीस कमी आहे किंवा ते जास्त आवळले गेले आहे; तसेच पुढे न जाता जवळच्या गॅरेजमध्ये ते उघडून घ्या. या फेरीत पत्नीने सांगितलेल्या दुरुस्त्या वहीत लिहून आणा आणि दुसरी फेरी त्या पूर्ण झाल्यावरच ठरवा.